अपघात भरपाईच्या केससाठी वकील : आमच्या मॅडमना पाचपैकी चार स्टार

नाव विचारू नका, आधीच सांगते. वकिलांना स्वतःची जाहिरात करायला बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, नियमांत बंदी आहे, आणि मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या लिहायचं ते लिहा ताई पण माझं नाव आणि ऑफिसचा पत्ता नको, उगाच कुणीतरी तक्रार ठोकेल. म्हणून रिव्ह्यू बिननावाचा. पण मोटार अपघाताच्या दाव्यासाठी कुणी वकील शोधत असेल तर काय बघायचं आणि कोर्ट शेवटी दोष कुणाच्या गळ्यात घालतं हे कळायला उपयोग होईल, कारण आम्हाला हे सांगणारं कुणी नव्हतं, जो भेटेल तो आपल्या मेव्हण्याच्या नाहीतर साडूच्या केसचा दाखला देत होता.

केस अशी. माझा थोरला भाऊ, दादा, वायरमन आहे, स्वतःचा धंदा, घरांची वायरिंग, विहिरीवरच्या मोटारीचे स्टार्टर, पॅनल बोर्ड असली कामं. डिसेंबर २०२२, ऐन गाळपाचा हंगाम, रात्री कामावरून परत येताना रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीला त्याची मोटरसायकल मागून धडकली. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागच्या ट्रॉलीचा टायर फुटलेला, ड्रायव्हर टायर घेऊन गावात गेलेला, मागे ना दिवा ना रेडियम. सांगली कोल्हापूरकडच्या माणसाला हे चित्र समजावून सांगायची गरज नाही. दादाच्या उजव्या मांडीचं हाड मोडलं, रॉड घातला, गुडघ्याची वाटी फुटली, आता गुडघा अर्धाच वाकतो. मागे बसलेला त्याचा हेल्पर, त्याचा हात मोडला.

आता गंमत बघा, जो तो एकच वाक्य, मागून धडकला ना, मग चूक तुमचीच. पोलिसांच्या पहिल्या नोंदीतही तेच, मोटरसायकलस्वाराने रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून हयगयीने, अविचाराने, भरधाव वगैरे वगैरे, तो ठरलेला मजकूर असतो तोच. पहिल्यांदा ज्या वकिलांकडे गेलो त्यांनी कागद न उघडताच सांगितलं की अवघड आहे, पण बघू, मिळालेल्या रकमेचा चौथा हिस्सा आमचा. निकालावर टक्केवारी ठरवून फी घेणं बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही हे तेव्हा आम्हाला माहीतच नव्हतं, सर्रास चालतं म्हणा. वहिनी तर तिथंच सही करायला निघाली होती, हॉस्पिटलचं बिल डोक्यावर होतं.

मॅडमकडे आम्ही एका ओळखीतून गेलो. छोटंसं ऑफिस, कोर्टाच्या मागच्या गल्लीत, खालती झेरॉक्सचं दुकान. त्यांनी फी सांगितली नाही, किती मोडलंय हेही पहिल्यांदा विचारलं नाही, म्हणाल्या घटनास्थळ पंचनामा आणलाय का. होता, पण आम्ही तो कधी नीट वाचला नव्हता, आपण कशाला वाचतोय. त्यांनी तो दोनदा वाचला, मग जुन्या बोर्डाच्या, म्हणजे कोर्टातल्या दिवसाच्या केसेसच्या यादीच्या, कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने दोन रेघा मारून रस्ता काढला, डांबरी रस्ता २२ फूट, ट्रॉलीचं उजवं चाक डाव्या कडेपासून ९ फुटांवर, डावीकडे ६ फुटांची साईडपट्टी मोकळी, मोटरसायकलचा टायर घासल्याची खूण ट्रॉलीपासून मागे १८ फूट, आणि एका ओळीत "ट्रॉलीचे मागील बाजूस परावर्तक दिसून येत नाही". त्या ओळीखाली त्यांनी दोनदा पेन्सिल फिरवली. म्हणाल्या, साईडपट्टी मोकळी असताना ट्रॉली डांबरावर का उभी होती याचं उत्तर आता समोरच्याने द्यायचं. पहिला स्टार मी इथेच दिला. वकील शोधताना एवढं एकच बघा, तो आधी पंचनामा मागतो की आधी आकडा सांगतो.

आता कोर्ट दोष कसा ठरवतं, मला जेवढं कळलं तेवढं सांगते, कारण मॅडमचं खरं काम इथेच होतं, फॉर्म भरायला काय कुणीही भरतो.

पहिली गोष्ट, हे फौजदारी कोर्ट नव्हे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण म्हणजे जिल्हा न्यायाधीशच बसतात, पण इथे संशयापलीकडे सिद्ध करा असली अट नाही. घडलं ते कसं घडलं असण्याची शक्यता जास्त, एवढंच बघतात, सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये हिमाचलच्या एका एसटी अपघाताच्या केसमध्ये हे स्पष्ट सांगितलंय. म्हणून एफआयआरमध्ये दादाचं नाव असणं हा शेवट नव्हता. एफआयआर हा एक कागद, पंचनामा दुसरा कागद, साक्ष तिसरी, सगळं मिळून. पुढे मॅडमनी अर्ज देऊन देऊन ट्रॅक्टर ड्रायव्हरवर गुन्हा नोंदवायला लावला ते वेगळंच, ती केस अजून चालूच आहे, तिच्याबद्दल इथे काही लिहीत नाही.

दुसरी गोष्ट, मागून धडकला म्हणजे आपोआप दोषी, असा नियम नाही, आणि कधीच दोषी नाही असाही नाही. मॅडमनी दोन्ही बाजूचे निकाल समोर ठेवले, हे मला फार आवडलं, नाहीतर वकील आपल्या बाजूचेच वाचून दाखवतात. सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा एक निकाल, रात्री रस्त्याच्या मधोमध दिवे न लावता उभा केलेला गॅस टँकर, त्याला कार धडकली, हायकोर्टाने कारवाल्याला निम्मा दोष दिला होता, सुप्रीम कोर्टाने तो काढून सगळा दोष टँकरवर टाकला. २०२४ मध्येही तसंच, हायवेवर उभा सोडून दिलेला चौदा चाकी ट्रेलर, ना इंडिकेटर ना पार्किंग लाईट, तिथेही कारवाल्याचा निम्मा दोष सुप्रीम कोर्टाने रद्द केला. पण त्याच २०१८ मधला दुसरा निकाल उलटा, चालत्या ट्रकच्या मागे दहा पंधरा फुटांवरून कार चाललेली, ट्रकने ब्रेक मारला आणि धडक, तिथे कोर्ट म्हणालं एवढं कमी अंतर ठेवलं ही कारवाल्याचीच चूक. फरक कशात, तर पुढचं वाहन तिथं असायला हवं होतं का, आणि ते दिसण्यासारखं होतं का. मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ सरळ सांगतं की वाहन किंवा ट्रेलर सार्वजनिक जागी धोका होईल असं उभं सोडायचं नाही. टायर फुटला हा गुन्हा नाही, फुटल्यावर तसंच सोडून गेला हा निष्काळजीपणा.

समोरच्यांचा, म्हणजे ट्रॅक्टर मालकाचा आणि त्याच्या विमा कंपनीचा, बचाव काय, तर आम्ही मागे दगड लावले होते, झाडाची फांदी ठेवली होती. कैफियतीत, म्हणजे कोर्टात दिलेल्या लेखी उत्तरात, तसं लिहिलं. मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त पंचनाम्यात दगडाचा आणि फांदीचा शब्दही नाही हे नोंदवून घेतलं. आणि दगड लावले म्हणणारा ड्रायव्हर, त्याला मालकाने किंवा कंपनीने साक्षीला आणलंच नाही. ज्याला सगळं माहीत आहे तो माणूस पिंजऱ्यात येत नसेल तर कोर्ट त्याचा अर्थ त्यांच्या विरुद्ध लावू शकतं, आणि तसाच लावला. मॅडम म्हणाल्या अर्धी केस आपण काय दाखवतो त्यावर आणि अर्धी केस समोरचा काय लपवतो त्यावर.

हेल्मेट. दादाने घातलं नव्हतं, ही खरी गोष्ट आहे आणि घालायलाच हवं होतं, त्याबद्दल वहिनी रोज ऐकवते त्याला. विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपासात पहिला प्रश्न तोच टाकला आणि माझ्या पोटात गोळा आला. पण मॅडम शांत. मोडला काय, पाय. हेल्मेट असतं तर पाय वाचला असता का? नियम मोडला म्हणून दंड होईल तो वेगळा, पण भरपाईतून कापायचं असेल तर त्या नियम मोडण्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागतं. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच म्हटलंय, मोटरसायकलवर तिघं बसले होते आणि मागून कारने ठोकरलं, हायकोर्टाने ट्रिपल सीट म्हणून १० टक्के कापले होते, ते सुप्रीम कोर्टाने परत दिले, कारण तिघं बसल्यामुळे अपघात झाला असं काही दिसत नव्हतं. डोक्याला मार असता तर आमचं अवघड होतं हे मॅडमनी स्वच्छ सांगितलं. हॉस्पिटलच्या कागदात दारूचा वास नाही अशी नोंद होती तीही कामाला आली, तेव्हा कॅज्युअल्टीत डॉक्टर काय लिहितात ते जमलं तर बघून घ्या.

उलटतपासाचं मात्र सांगते, दादाला दोन प्रश्न जड गेले. हेडलाईट चालू होती ना? हो. मग एवढी उसाने भरलेली ट्रॉली दिसली कशी नाही? दादा खरं बोलला, समोरून गाडी येत होती, तिचा अप्पर डोळ्यावर आला. बरं, दिसेना तर स्पीड कमी केला का? दादा गप्प. मग म्हणाला, ब्रेक मारला. तीच १८ फुटांची खूण, आम्ही म्हणत होतो की बघा ब्रेक मारला म्हणजे लक्ष होतं, आणि ते म्हणत होते की बघा एवढं घासून पण गाडी थांबली नाही म्हणजे वेग होता. एकाच कागदावरची एकच ओळ, दोन्हीकडे ओढली. आदल्या दिवशी मॅडमनी दादाला एवढंच सांगितलं होतं की पाठ करून काही बोलू नका, जेवढं विचारलं तेवढंच आणि खरं. मला तेव्हा राग आला होता, वाटलं थोडं शिकवायला काय झालं. निकालात साहेबांनी लिहिलंय की अर्जदाराची साक्ष नैसर्गिक आणि विश्वासार्ह वाटते.

निकाल ८०-२०. ट्रॅक्टरवाल्याचा निष्काळजीपणा ८० टक्के, डोळ्यावर उजेड आल्यावर वेग न आवरल्याबद्दल दादाचा २० टक्के. म्हणजे जी रक्कम निघेल तिच्यातून पाचवा हिस्सा वजा. याला सहभागी निष्काळजीपणा म्हणतात.

आता हेल्परचं ऐका, कारण इथे मॅडमनी जे केलं ते मला तेव्हा समजलं नव्हतं. आम्ही म्हटलं दोघांचा दावा तुम्हीच चालवा, दोन फिया मिळतील की. त्या नाही म्हणाल्या. म्हणाल्या अपघात एक असला तरी तुमचं दोघांचं हित एक नाही, उद्या त्याच्या वकिलाला दादाकडे बोट दाखवावं लागेल. त्याला दुसऱ्या वकिलांकडे पाठवलं. आणि झालंही तसंच, मागे बसणाऱ्याचा स्वतःचा काही दोष नाही, त्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या लोकांच्या चुकीने त्याचा हात मोडला, मग त्याला पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाकडूनही वसूल करता येते, सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी २०१५ मध्ये हे पक्कं केलंय. म्हणजे तीच ट्रॉली, तीच रात्र, दादाचे २० टक्के गेले आणि हेल्परचा रुपयाही कापला गेला नाही. दादा दोन दिवस कुरकुरला, मग म्हणाला बरोबर आहे, हँडल माझ्या हातात होतं. हातची फी सोडणारे वकील किती असतील सांगा.

विमा कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यांनी दोष आमचाच म्हटलं, त्यात नवल नाही, त्यांचं कामच ते. पण त्याशिवाय दोन फाटे फोडले. एक, ट्रॅक्टर ड्रायव्हरकडे फक्त हलक्या वाहनाचं लायसन्स, मालवाहतुकीचं नाही. यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाचा निकाल आला की मालासकट एकूण वजन (ट्रॅक्टर असेल तर रिकामं वजन) ७५०० किलोच्या आत असेल तर हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं, तो फाटा तिथेच मोडला. दुसरा, ट्रॅक्टरचा विमा आहे पण ट्रॉलीचा वेगळा विमा नाही, आणि धडक ट्रॉलीला बसली. हा मुद्दा चिवट होता, दोन तारखा त्यावरच गेल्या. शेवटी कोर्टाने म्हटलं ट्रॉली स्वतः चालत नाही, ट्रॅक्टरने ओढून आणली म्हणून ती रस्त्यावर होती, पॉलिसीच्या अटीचा भंग झाला असेल तर कंपनीने आधी अर्जदाराला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. याला वकील लोक पे अँड रिकव्हर म्हणतात. जखमी माणसाने ट्रॅक्टर मालकाच्या दारात पैशासाठी हेलपाटे घालू नयेत म्हणून ही सोय. ट्रॅक्टर मालक आमच्याच शेजारच्या गावचा, तोही काही गब्बर नाही, दोन कर्जांवर ट्रॅक्टर, त्याला ट्रॉलीचा विमा वेगळा काढावा लागतो हे खरंच माहीत नव्हतं असं मला वाटतं. हंगामात ट्रॅक्टर लावणाऱ्यांनी हे वाचत असाल तर पॉलिसी काढून बघा, आणि पन्नास रुपयांची रेडियम पट्टी लावा हो.

पैशाचं गणित, कारण शेवटी लोक तेच विचारतात. न्यायाधीश मनाला येईल तो आकडा देतात असा माझा समज होता, तसं नाही, ठरलेलं कोष्टक आहे. २००९ चा सरला वर्मा निकाल आणि २०१७ चा प्रणय सेठी निकाल, ही दोन नावं कोर्टाच्या व्हरांड्यात दिवसभर कानावर पडतात. वयाप्रमाणे गुणक, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला गुणायचा आकडा, ३६ ते ४० वयाला १५, दादाचं वय ३८, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून. चाळिशीच्या आतला स्वतःचा धंदा असेल तर उत्पन्नात पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे. आता उत्पन्न किती? आम्ही म्हटलं महिना २८ हजार, आणि खरंच होतं, पण पुरावा काय, आयटी रिटर्न कधी भरलेलंच नाही. मॅडमनी दादाची कामाची डायरी, इलेक्ट्रिकच्या दुकानाची बिलं, बँकेचं पासबुक, फोन पे ची स्टेटमेंट सगळं निशाणी, म्हणजे पुराव्याचा नंबर, टाकून दाखल केलं, तरी कोर्टाने धरले १५ हजार. इथे मन खट्टू झालं. कारागीर लोकांनो, टॅक्स बसो ना बसो, रिटर्न भरत जा.

मग अपंगत्व. सिव्हिल हॉस्पिटलचं सर्टिफिकेट उजव्या पायाचं ४० टक्के. कंपनीच्या वकिलांनी डॉक्टरांना विचारलं, पूर्ण शरीराच्या मानाने किती? डॉक्टर म्हणाले साधारण १५. संपलं, असं वाटलं मला. मॅडम उठल्या आणि फेरतपासात दोनच प्रश्न. डॉक्टर, हा माणूस शिडीवर चढून दोन्ही हात सोडून काम करू शकेल का? नाही. उकिडवं बसून खालचा बोर्ड फिट करू शकेल का? नाही. बसल्या खाली. यामागे २०१० चा राजकुमार निकाल आहे, त्यात सुप्रीम कोर्टाने उदाहरण दिलंय की डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते पण सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल, तेव्हा डॉक्टरचा टक्का तसाच्या तसा उचलायचा नाही, त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला ते बघायचं. २०२० मध्ये डेटा एन्ट्री करणाऱ्या एका पोराचा उजवा हात गेलेला, हायकोर्टाने ४५ टक्के धरलं होतं, सुप्रीम कोर्टाने ६५ केलं. आमच्या साहेबांनी दादाचं ३५ टक्के धरलं. मला विचाराल तर कमीच, जो वायरमन शिडीवर चढत नाही त्याला काम देतंय कोण, पण १५ पेक्षा कितीतरी बरं.

हिशेब करून दाखवते. १५ हजार गुणिले १२ म्हणजे १ लाख ८० हजार, त्यात ४० टक्के मिळवून २ लाख ५२ हजार, गुणिले १५ म्हणजे ३७ लाख ८० हजार, त्याचे ३५ टक्के १३ लाख २३ हजार. हॉस्पिटलची बिलं ३ लाख ४० हजार, सहा महिने घरी बसला त्याचे ९० हजार, वेदना आणि आयुष्यातलं सुख गेलं त्याचे १ लाख, खाणंपिणं रिक्षा माणूस ठेवला त्याचे ४० हजार. एकूण १८ लाख ९३ हजार, त्यातून २० टक्के गेले, हातात १५ लाख १४ हजार ४०० आणि अर्ज दाखल केल्यापासून ७ टक्के व्याज. बिलांमध्ये जी बिलं पक्की नव्हती ती सगळी उडाली, मेडिकलवाल्याने कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून दिलेलं काही चालत नाही, शिक्क्याचं बिल मागून घ्या.

मधे लोकअदालतीत कंपनीने ६ लाख देऊ केले होते. वहिनी आणि मी घेऊन मोकळं व्हायच्या मताच्या होतो. मॅडमनी घ्या किंवा नका घेऊ असं काहीच सांगितलं नाही, फक्त कागदावर दोन आकडे लिहिले, सगळं आपल्या मनासारखं झालं तर किती आणि निम्मा दोष दादावर आला तर किती, आणि सांगितलं की लोकअदालतीत तडजोड झाली की पुन्हा अपील नाही. निम्मा दोष धरला तरी आकडा ६ च्या वर जात होता. दादाने नाही म्हटलं. लोकअदालत वाईट असं नाही बरं का, लहान इजा असेल, दोषावर वाद नसेल तर तिथे लवकर सुटका होते, आमच्या हेल्परने पुढे आपली केस तिथेच मिटवली.

आता कापलेल्या स्टारचं. फोन. बाई फोन उचलत नाहीत. सकाळी ११ ते संध्याकाळी ५ कोर्टात असतात हे मान्य, पण संध्याकाळीही नाही, मेसेजला उत्तर दोन दिवसांनी "हो". तारीख कळायची ती ई-कोर्ट्स ॲपवरून, सीएनआर नंबर, म्हणजे केसचा स्वतःचा नंबर, टाकला की पुढची तारीख दिसते, ते ॲप फुकट आहे आणि त्याला मी पाचपैकी पाच देईन. दुसरं, त्यांचा कारकून. प्रत्येक नकलेला, प्रत्येक पुरसीसला (कोर्टात द्यायचं छोटं लेखी निवेदन) त्याचा वरचा पन्नास शंभरचा हिशेब, पावती कशाचीच नाही. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या बघते, आणि मग दोन महिने तो माझ्याशी बोलत नव्हता. फी मात्र आधी ठरली तेवढीच, एकूण ६० हजार, तीन टप्प्यांत, अर्ज दाखल करताना, साक्ष सुरू झाल्यावर आणि निकालानंतर. अवॉर्ड झाल्यावर टक्केवारीचा शब्दही काढला नाही.

कोर्टाच्या इमारतीबद्दल काय लिहायचं. लंगडत्या माणसांच्या केसेस वरच्या मजल्यावर चालतात आणि लिफ्ट बंद. व्हरांड्यात एक बाकडं, त्यावर प्लास्टर घातलेले तिघं आणि बाकीचे भिंतीला टेकून. पुकारा झाला आणि तुम्ही खाली चहाला गेलात तर गेलं, म्हणून एकाने वर थांबायचंच. न्यायाधीश बदलले तेव्हा दोन तीन तारखा नुसत्या पडल्या, कंपनीचा से, म्हणजे लेखी म्हणणं, यायला किती वेळ लागला ते विचारू नका. यात मॅडमचा दोष नाही, पण जो जाणार आहे त्याने डबा आणि पाण्याची बाटली घेऊन जावं.

एक महत्त्वाचं. एप्रिल २०२२ पासून अपघात झाल्यापासून सहा महिन्यांत दावा दाखल करायचा नियम आहे, त्याआधी १९९४ पासून अशी मुदत नव्हती. पहिल्या भेटीत आमचे चार महिने हॉस्पिटल आणि ड्रेसिंगमध्ये गेले होते, मॅडमनी बाकी कागद मागाहून जोडू म्हणून आधी अर्ज आत टाकला. या मुदतीलाच सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, त्यामुळे मुदत उलटली असेल तरी नुसतं घरी बसू नका, जाऊन विचारा. आणि दावा अपघाताच्या ठिकाणीच लावायला पाहिजे असं नाही, तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही चालतो, पुण्या मुंबईला अपघात झालेल्या गावाकडच्या लोकांना हे माहीत नसतं.

पैसे कंपनीने कोर्टात भरलेत. अर्धे दादाच्या खात्यात आले, अर्धे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायचा आदेश आहे, दादा त्यावरून चिडलाय कारण पतसंस्थेचं कर्ज फेडायचंय, मॅडम ठेव मोडायच्या परवानगीचा अर्ज देणार आहेत. २० टक्के दोषाविरुद्ध हायकोर्टात जायचं का यावर घरात एकमत नाही. अपिलाला ९० दिवस असतात. दादा म्हणतो गॅस टँकरच्या केसमध्ये शून्य धरला मग मला २० का, मॅडम म्हणतात जाऊ शकता, पण आपण गेलो की कंपनीही ट्रॉलीचा मुद्दा घेऊन उलट येईल, आणि हायकोर्टात मी स्वतः उभी राहणार नाही, तिकडचे वकील वेगळे बघावे लागतील. कोल्हापूरला किंवा मुंबईला मोटार अपघाताची अपिलं चालवणारं, आणि फोन उचलणारं, कुणी माहीत असेल तर सांगा.